गोठ्यापासून गॅलरीपर्यंत : प्राण्यांसह राहायचे घर

दिवाळी वसुबारसेने सुरू होते. आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळी टेम्पोतून एक गाय आणि वासरू येते. पार्किंगमधल्या दोन मोटारींच्या मध्ये जागा करून त्यांना उभे करतात आणि बायका ताटे घेऊन रांगेत थांबतात. गेल्या वर्षी मी जिन्याजवळ उभा राहून पाहत होतो. गाय ओवाळणाऱ्या बायकांना घाबरत नव्हती, खालच्या गुळगुळीत कोब्याला घाबरत होती. तिचे खूर घसरत होते, ती पाय रोवायला बघत होती आणि वासरू तिच्या पोटाशी अंग चोरून उभे होते. शेवटी गाय घेऊन आलेल्या माणसाने टेम्पोतून दोन गोणपाटे आणून तिच्या पायांखाली टाकली. गाय लगेच शांत झाली.

माझे आजोळ कुडाळजवळचे. तिथे वसुबारसेला आजी निरांजन घेऊन माजघरातून निघे, मागच्या पडवीतून दोन पायऱ्या उतरे की समोर गाय. वाऱ्याने ज्योत विझायच्या आत ती पोहोचलेली असे. गाय घराबाहेर नव्हती, पण घरातही नव्हती. तिची जागा घर बांधतानाच ठरलेली होती. गोणपाट टाकायची वेळ तिथे कधी आली नाही.

मी वास्तुविशारद नाही. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि तीस वर्षे एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगे काढली. सुट्टीत जुनी घरे टेपने मोजून वहीत उतरवायचा नाद लागला, तो आजतागायत आहे. या वह्यांमध्ये खोल्या, तुळया, खांब, कोनाडे सगळे होते. पण प्राण्यांची जागा मी कधी वेगळी नोंदली नव्हती. ती नोंदायची बुद्धी मला आमच्या कुत्रीने दिली.

ठकी आमची गावठी कुत्री. नऊ वर्षांची असताना आम्ही भाड्याचे जुने घर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. जुन्या घरात मोझॅकची फरशी होती, झिजून खडबडीत झालेली. नव्या घरात दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत एकसलग, पांढऱ्या, आरशासारख्या चकचकीत विट्रिफाइड टाइल्स. बिल्डरच्या माणसाने त्या फार अभिमानाने दाखवल्या होत्या आणि आम्हीही खूश झालो होतो. पहिल्याच आठवड्यात ठकी हॉलच्या मधोमध चारही पाय फाकून बसली आणि तिला उठताच येईना. मग ती भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. पुढे तर दारातल्या पायपुसण्यावरच पडून राहू लागली. आम्ही म्हणालो, म्हातारी झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे पाय हलवून पाहिले आणि म्हणाले, “सांधे थोडे धरलेत, पण औषधाआधी घरातली फरशी बघा.” आम्ही औषध आणले, फरशी बघितली नाही. दोन महिन्यांनी आई त्याच हॉलमध्ये, ठकीच्या भांड्यातून सांडलेल्या पाण्यावरून घसरली. मनगट मोडले. ठकी भिंतीच्या कडेने का चालत होती, ते तेव्हा मला कळले.

आईचा हात प्लास्टरमध्ये असताना मी जुन्या वह्या पुन्हा काढल्या आणि एकच प्रश्न घेऊन वाचायला बसलो : या घरांमध्ये जनावर कुठे उभे राहत होते, कशावर उभे राहत होते आणि त्याने सांडलेले पाणी कुठे जात होते?

तळकोकणातले घर पुढून मागे पाहत गेले की त्याचे टप्पे दिसतात. आधी खळे, मग लोटा, मग वळई, मग माजघर, शेवटी मागची पडवी. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा एखादी पायरी वर किंवा खाली. या पायऱ्या पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून आहेत हे खरेच, पण त्याच पायऱ्यांनी कोणी कुठवर यायचे तेही ठरत असे. कुत्रा खळ्यावर आणि फार तर लोट्यावर. कोंबड्या दिवसा खळ्यावर, रात्री पडवीत डालग्याखाली. गुरे मागे किंवा बाजूला. मांजराला मात्र सगळीकडे परवाना. देशावरच्या वाड्यात हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सापडते : दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, मागे परस. ऐपतदाराच्या वाड्यात पुढच्या चौकाला लागून घोड्यांची पागा, शेतकऱ्याच्या वाड्यात त्याच जागी बैलांची दावण. बैल आणि माणसे एकाच मोठ्या दारातून आत येत, पण आत आल्यावर त्यांच्या वाटा फुटत.

आजोळच्या गोठ्याची मापे माझ्याकडे आहेत. जमीन ओबडधोबड दगडांची, सांधे मुद्दाम उघडे ठेवलेले, म्हणजे खुराची कड त्यात अडकून पकड मिळते. गव्हाणीपासून मागच्या भिंतीपर्यंत दहा फुटांत चार इंचांचा उतार. म्हणजे साधारण एकास तीस. आपल्या आजच्या बाथरूमच्या फरशीला साधारण एकास ऐंशी ते एकास शंभर उतार देतात आणि तोही गवंड्याच्या मनात असेल तर. गोठ्यातला उतार संपतो तिथे वीतभर रुंदीची उघडी नाली, ती भिंतीतल्या भोकातून बाहेर आणि बाहेर केळीची आळी. गोमूत्र थेट केळीला. जे वाहत नसे ते शेण. ते रोज उचलले जाई, काही उकिरड्यात खत होई, काही सारवणाला. म्हणजे घाण साफ करणे हे काम नव्हतेच, ती एका जागेहून दुसऱ्या जागी उपयोगाला नेणे हे काम होते. निचऱ्याला एवढे महत्त्व का, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आजही पावसाळ्यात तिथे माणसे नेतो. साचलेल्या पाण्यातून अनवाणी पायाला जखम असताना चालणे एवढे पुरते.

मांजराची गोष्ट निराळी आहे. ते दूध चोरते म्हणून त्याच्याविरुद्ध आपण एक अख्खी वस्तू शोधून काढली, ती म्हणजे शिंके. तुळईला टांगलेले, भिंतीपासून हातभर दूर, खाली उडी मारायला आधार नाही असे. नंतरच्या काळात जाळीचे कपाट आले. पण भाताच्या कणगीपाशी उंदीर येत म्हणून तेच मांजर हवेही होते, त्यामुळे त्याला माळ्यावर जायची वाट कोणी बंद करत नसे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. ते उगाच फिरवत नाही. त्याला कोरडी, अंधारी, उंचावरची आणि दोन बाजूंनी सटकता येईल अशी जागा हवी असते, आणि माणूस वारंवार डोकावू लागला की ती जागा बाद होते. कौलारू घराचा माळा या सगळ्या अटी पुऱ्या करतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये अशी एकच जागा असते, कपाटाच्या वर, बॅगांच्या मागे. मांजर नेमके तिथेच सापडते आणि आपण त्याला हुसकावतो.

इथे जुन्या घरांचे गोडवे गाऊन थांबायचा मोह होतो, पण तसे करणे खोटेपणाचे होईल. गोठ्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसांना माश्या, पिसवा आणि गोचिडीही मिळत. आणि कुत्र्याचे म्हणाल तर उंबरठ्याच्या आत त्याला जागा नव्हती. खंडोबाबरोबर कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, श्राद्धात श्वानबळी काढून ठेवतात, पण तो बळी ठेवतात अंगणात. सोवळ्याच्या घरात कुत्रा शिरला की पाण्याची भांडी पालथी होत. त्या घराने प्राण्याला जागा दिली, सोबत दिली नाही. आपण आता सोबत देतो. कुत्रा आपल्या पलंगावर झोपतो, मांजराचा वाढदिवस होतो. जागेचा विचार मात्र राहून जातो.

तो का राहिला याचे कारण शहराच्या इतिहासात आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 मध्ये पुण्यात हाहाकार उडाला. 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि घर म्हणजे उजेड, हवा आणि गर्दीची विरळता असा नवा हिशेब सुरू झाला. हा हिशेब आवश्यकच होता. पुढे 1949 मध्ये आरे कॉलनी वसवून शहरातल्या म्हशींचे तबेले तिकडे नेण्याचे काम सुरू झाले. दूध बाटलीतून येऊ लागले, धान्य रेशनच्या पिशवीतून, आणि गाय, बैल, मांजर यांची घरातली कामे संपली. त्यानंतर जे फ्लॅट आखले गेले ते फक्त माणसे गृहीत धरून. माझ्या कारखान्यातल्या भाषेत सांगायचे तर ड्रॉइंगमधून एक भाग काढून टाकला आणि त्यासाठी ठेवलेली जागाही भरून टाकली. आता तो भाग परत आला आहे आणि बसायला जागा नाही.

मग करायचे काय? दुकानात गेलात तर उत्तर तयार असते : गादी घ्या, खेळणी घ्या, मांजरासाठी चार मजली झाड घ्या. हे सगळे नंतर. आधी फरशी.

विट्रिफाइड टाइल अतिशय घट्ट असते, तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी ती शोषते. म्हणून ती डाग धरत नाही, आणि म्हणूनच पाण्याचा पातळ थर तिच्यावर तसाच राहतो. तिला पॉलिश केले की कुत्र्याच्या पंजाला धरायला काही उरत नाही. कुत्र्याची पकड तळव्याच्या गाद्यांची आणि नखांची. गाद्यांमधले केस वाढले की ते मोज्यासारखे काम करतात, नखे वाढली की गादी टेकण्याआधी नखच टेकते आणि काचेवर चालल्यासारखे होते. म्हणून घसरणाऱ्या कुत्र्याची नखे आणि पंजातले केस कापणे हा पहिला, बिनखर्चाचा उपाय. पिल्लांच्या बाबतीत फरशी जास्त गंभीर बाब आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांवर नॉर्वेत झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांपर्यंत जिने चढणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याचा दोष जास्त आढळला आणि मऊ, उंचसखल जमिनीवर बाहेर खेळलेल्यांमध्ये कमी. आपण नेमके उलट करतो, पिल्लू घरात कोंडतो आणि जिन्यावर पळवतो.

टाइल्सच्या दुकानात आर 9, आर 10, आर 11 असे आकडे ऐकू येतील. ही जर्मन पद्धत आहे. उतरत्या फळीवर टाइल बसवून तिच्यावर तेल ओततात, बूट घातलेला माणूस तिच्यावर चालतो आणि उतार वाढवत नेतात. सहा ते दहा अंशांपर्यंत टिकली तर आर 9, एकोणीसपर्यंत आर 10, सत्तावीसपर्यंत आर 11. पण हे लक्षात ठेवा की ती चाचणी बूट घालून होते आणि कुत्रा बूट घालत नाही, घरात आपणही नाही. अनवाणी पायासाठी वेगळी श्रेणी आहे, ए, बी, सी. आमच्याकडच्या दुकानदाराला ती ठाऊक नव्हती, कंपनीच्या कागदावर मात्र छापलेली होती. कागद मागावा.

माझा अनुभव असा की आकड्यांपेक्षा ओले फडके बरे. दुकानात नमुन्याची टाइल जमिनीवर ठेवा, तिच्यावर पाणी शिंपडा आणि अनवाणी पायाने टाच ढकलून बघा. दुकानदार हसतो, हसू द्यावे. आपल्याकडे शहाबादी फरशी आहे, तिचा न घासलेला पोत हा याबाबतीत उत्तम. कोटाही, पण आरशासारखी पॉलिश न केलेली. दोन्ही चुनखडीचे दगड, उन्हाळ्यात पोटाखाली गार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांतून, बाकी सगळे धापा टाकून; म्हणून उन्हाळ्यात तो पोट जमिनीला लावून पडतो. गावातला कुत्रा झाडाखाली माती उकरून खळगा करतो तोही याचसाठी. चुनखडीच्या दगडाची एकच खोड, तिला आम्ल चालत नाही. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुवायचे ॲसिड पडले की चट्टा कायमचा.

आम्हाला सगळी फरशी उखडणे परवडणारे नव्हते. हॉलमधून आईच्या खोलीपर्यंत आणि तिथून बाथरूमपर्यंत जी वाट आई आणि ठकी दोघी दिवसातून वीसदा चालतात, तेवढाच तीन फुटांचा पट्टा आम्ही काढला आणि तिथे खरबरीत, शहाबादी रंगाची मॅट टाइल बसवली. गवंडी म्हणाला, “साहेब, मधेच पट्टा वाईट दिसेल.” दिसला नाही. पांढऱ्या हॉलमधून नदीसारखी एक करडी वाट जाते आणि येणारे जाणारे तिचे कौतुक करतात, मुद्दाम डिझाइन केले का म्हणून विचारतात. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी सतरंजी टाकावी, पण नुसती नाही. सुती सतरंजी टाइलवर स्वतःच घसरते. तिच्याखाली रबराची जाळी हवी.

फरशीनंतर निचरा. फ्लॅटमध्ये पाणी वाहून जायची सोय फक्त बाथरूम आणि ड्राय बाल्कनी एवढ्याच ठिकाणी असते. म्हणून प्राण्याचे पाण्याचे भांडे, आंघोळ आणि ओले पाय पुसणे या तीन गोष्टी शक्यतो ड्राय बाल्कनीला जोडाव्यात. तिथे जमिनीलगत एक नळ काढून घेतला की अर्धी कामे सोपी होतात. आमच्या प्लंबरने तासाभरात काढून दिला. हा आपला गोठा. घर नवे घेत असाल तर हॉलमधल्या प्रकाशाच्या आधी ड्राय बाल्कनीचा उतार पाहा. बादलीभर पाणी ओता आणि ते नहाणीच्या जाळीकडे जाते की कपाटाखाली, एवढे बघा. ठकीचे पाण्याचे भांडे हॉलमध्ये होते हीच आमची मूळ चूक होती.

वासाचे गणित थोडे रासायनिक आहे. मूत्राच्या डागावर अमोनिया असलेले क्लीनर मारले तर प्राण्याच्या नाकाला तो दुसऱ्या कोणाच्या मूत्राचाच वास वाटू शकतो आणि तो तिथे पुन्हा खूण करतो. विकर म्हणजे एन्झाइम असलेले क्लीनर त्या रेणूंचे तुकडे करते, ते चालते. फिनेल मात्र मांजर असलेल्या घरातून हद्दपार करावे. फिनॉलसारखे पदार्थ निकामी करण्याची जी क्रिया माणसाच्या यकृतात होते ती मांजरात फार क्षीण असते. ते फिनेलने पुसलेल्या फरशीवर चालते, मग पंजे चाटते. आपण फरशी पुसतो आणि विष मांजराच्या पोटात जाते. साध्या साबणाच्या पाण्याने आजवर आमचे काही अडलेले नाही.

मांजराच्या मातीच्या ट्रेबद्दल घरोघरी वाद होतात. ठोकताळा असा की जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, मांजराच्या लांबीच्या दीडपट मोठा, आणि खाण्याच्या भांड्यापासून दूर. आपणही संडासात जेवत नाही. ट्रे कोपऱ्यात, वॉशिंग मशीनच्या मागे दडवला की आपल्याला बरे वाटते, पण मांजर तिथे जायला कचरते, कारण कोंडीत सापडण्याची भीती. थोडी आडोशाची, पण दोन बाजूंनी मोकळी जागा त्याला हवी. माळ्याचाच नियम.

उंचीचाही तोच. आमच्या शेजाऱ्यांची मनी दिवाणखान्यातल्या पडद्यावर चढून पेल्मेटवर बसायची. त्यांनी भिंतीवर फूटभर खोलीच्या तीन फळ्या पायऱ्यांसारख्या बसवल्या, वरची फळी खिडकीच्या वर. पुस्तकेही तिथेच. पडदे वाचले. ओरबाडण्यासाठी खांब द्यायचा तर तो निदान अडीच-तीन फूट उंच हवा, म्हणजे मांजराला पूर्ण अंग ताणता येईल, आणि हलता कामा नये. बाजारात यावर परदेशातून आलेला सायसलचा दोर गुंडाळतात. सायसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातले झाड. घायपाताचा किंवा काथ्याचा दोर बोहरी आळीत किंवा कोणत्याही दोरवाल्याकडे किलोवर मिळतो. जुन्या लाकडी खांबाला तो घट्ट गुंडाळला की ती वस्तू घरात शोभते, लपवावी लागत नाही.

शोभेचा विषय निघालाच आहे तर सोफ्याबद्दल. सैल विणीचे, दोऱ्याची फासणी दिसणारे कापड मांजराला आमंत्रण देते. घट्ट विणीचे ड्रिल किंवा कॅनव्हास घ्यावे, आणि रंग आपल्या आवडीचा नाही तर प्राण्याच्या केसांचा. पांढऱ्या मांजराच्या घरात काळा सोफा हा रोजचा छळ आहे. सगळ्यात उत्तम म्हणजे सोफ्यावर गोधडी. धुता येते, फाटली तर ठिगळ लावता येते आणि ठिगळाने ती अधिकच चांगली दिसते. भिंतीच्या पायथ्याशी गावातल्या घरांना गेरूचा किंवा काळा पट्टा असतो. शिंतोडे, चिखल, जनावराचे अंग घासणे हे सगळे तो पोटात घालतो. आम्ही हॉलला फूटभर उंचीचा गेरू रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा मारला. ठकी जिथे अंग टेकून झोपते तिथे आता डाग दिसत नाही.

गॅलरीबाबत थोडे कडकपणे लिहितो. “मांजर पडले तरी पायावर पडते, त्याला काही होत नाही” हे मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे. 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतली सुमारे नव्वद टक्के वाचली होती. लोक एवढेच सांगतात. पण ती 132 मांजरे दवाखान्यापर्यंत आणलेली होती. रस्त्यावर मेलेले मांजर कोणी दवाखान्यात आणत नाही. आणि जी वाचली त्यांपैकी अनेकांची छाती, जबडा, पाय जायबंदी झाले होते. कबुतरे अडवायला लावलेली नायलॉनची जाळी उन्हाने दोन-चार वर्षांत ठिसूळ होते, तिच्यावर विसंबू नये. दर दिवाळीच्या सफाईत ती हाताने ओढून पाहावी. ग्रिलच्या गजांमधले अंतर दोन इंचांपेक्षा कमी असावे. पिल्लाचे डोके जिथून जाते तिथून ते पूर्ण जाते.

गॅलरीतल्या कुंड्यांचेही तसेच. कण्हेर विषारी हे आपल्याला माहीत असते. पण हल्ली लॉबीत शोभेला ठेवतात तो सायकस आणि घरोघरचा मनीप्लांटही प्राण्यांनी खाण्याजोगा नाही. सायकस यकृत निकामी करतो, मनीप्लांटने तोंडाची आग होते. सगळ्यांत घातक म्हणजे फुलवाल्याच्या गुच्छातली मोठी, वासाची लिली. मांजराने तिचे पान चावले, अगदी अंगावर पडलेले पराग चाटले, तरी मूत्रपिंडे जातात. मांजराला हिरवे चघळायची इच्छा असतेच, तर नवरात्रात घटाला पेरतो तसे गहू एका पसरट भांड्यात पेरून द्यावेत.

दिवाळी अंकात फटाक्यांबद्दल न लिहिता सुटका नाही. माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास, मांजराला साठ हजारांच्याही पुढे. त्यांना आपल्याहून नुसते जास्त ऐकू येत नाही, फटाक्यातले आपल्याला न ऐकू येणारे आवाजही ऐकू येतात आणि तो कुठून येतो, कधी थांबेल हे कळत नाही. जुन्या घरात माजघर होते, चारही बाजूंना खोल्या असलेले, खिडकी नसलेले, अंधारे. आपण त्याला कोंदट म्हणून नावे ठेवली. फ्लॅटमधले माजघर म्हणजे दोन बेडरूममधला पॅसेज. दिवाळीच्या आठवडाभर आधी तिथे ठकीचे अंथरूण हलवतो, दारे लोटून घेतो, वर दोन गोधड्या टांगतो. आधीपासून हलवणे महत्त्वाचे. ऐन धडधडाटात नवी जागा दाखवली तर ती जागाच भीतीची होते.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतो. सोसायट्या ठराव करून प्राणी पाळायला बंदी घालतात, लिफ्ट नाकारतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी सरसकट बंदी घालता येत नाही. पण कायद्याचा कागद दाखवून लिफ्टमधला वास जात नाही. निम्मी भांडणे ही निचऱ्याची भांडणे असतात, वरच्या गॅलरीतून खालच्या वाळत्या कपड्यांवर आलेल्या पाण्याची. ती सोसायटीच्या सभेत मिटत नाहीत, गॅलरीच्या पन्हळीला वळण दिले की मिटतात. आमचे असे मिटले.

सध्या एक काम बाकी आहे. हॉलमधून ड्राय बाल्कनीत उतरताना पाच सेंटिमीटरचा उंबरठा आहे. ठकी आता तेराची आहे आणि तो तिला चढवत नाही. आईचा वॉकरही तिथे अडतो. वॉकरला चालेल असा उतार म्हणजे एकास बारा, म्हणून साठ सेंटिमीटर लांबीची फळी करायला सुताराला दिली आहे. वर काथ्याची चटई ठोकायची आहे. वसुबारसेपर्यंत देतो म्हणाला आहे. मागच्या आठवड्यात मापासाठी त्याने एक कच्ची फळी तिथे ठेवली, तर ठकीच्या आधी शेजारची मनी येऊन तिच्यावर उन्हात बसली.